पीएच.डी.ला अर्ज करायचाय: एम.ए.ला ५४.७५ टक्के, नोकरी चालू, वय ३८. जमेल का?

शाईचा डाग:
नमस्कार मंडळी. एम.ए. इतिहास, २०१०. जुनी वार्षिक पद्धत, आठ पेपर, आठशेपैकी ४३८. टक्केवारी काढली तर ५४.७५. हायर सेकंड क्लास दोन मार्कांनी हुकला म्हणून तेव्हा घरात दोन दिवस हळहळ झाली आणि विषय संपला. पुढे एका पतसंस्थेत लागले, ती आजतागायत तिथेच.

गेल्या वर्षी आजोळचा माळा आवरताना पणजोबांच्या छापखान्याच्या कामाच्या वह्या सापडल्या. १९११ ते १९१९. कोणाचं काय छापलं, किती प्रती, कागद किती गेला, उधारी किती. लग्नपत्रिका, नाटकांची हस्तपत्रकं, कीर्तनाच्या जाहिराती. मध्येच एका पानावर "जामीन रु. ५०० भरणे आले" एवढंच लिहिलंय आणि त्यानंतर चार महिने एकही नोंद नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

तर विचारायचं असं की, ५४.७५ ला ५५ धरतात का? नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिलेली नाही, ती लागतेच का? नोकरी सोडणं शक्य नाही. आणि या वयात प्रवेश देतात का, की दारातूनच परत पाठवतात? महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठातच करायचंय.

कोरा कागद:
५४.७५ म्हणजे राउंड फिगर ५५ च की हो. भरा बिनधास्त!

निवृत्त मास्तर:
कोरा कागद, बिनधास्त अजिबात नको. मी छाननीच्या टेबलावर बरीच वर्षं बसलोय. ५४.९८ वाली मुलगी रडत परत गेलेली पाहिली आहे. टक्के पूर्णांकात आणत नाहीत. नेटच्या माहितीपुस्तिकेत तर तसं स्पष्ट लिहिलेलंच असतं.

शाईचा डाग, सध्या सगळं चालतं ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती आली आणि २०१६ ची गेली. त्यामुळे कोणी ओळखीच्यांनी "आमच्या वेळी असं होतं" म्हणून सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असेल तर तीत किमान ५५ टक्के. नव्या धोरणातली चार वर्षांची पदवी असेल तर एम.ए. न करताही थेट अर्ज करता येतो, पण तिथे ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांना ५ टक्क्यांची सवलत देता येते. वयाची अट पीएच.डी.ला नाही. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफच्या संशोधन शिष्यवृत्तीला आहे, ३० वर्षांची, पण ती गोष्ट वेगळी.

आता तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता ते सांगा. जाहीर सांगायचं नसेल तर नका सांगू, पण सगळं त्यावर अडलंय.

शाईचा डाग:
सर, त्यात लपवायचं काय? खुला प्रवर्ग. ईडब्ल्यूएसचा दाखला धाकट्या भावासाठी काढला होता, मलाही मिळेल. उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत आहे. शेती नाही.

निवृत्त मास्तर:
मग दार उघडं आहे, पण अर्धंच. नीट वाचा, इथे पुष्कळ जण फसतात.

पीएच.डी.च्या नियमावलीत ईडब्ल्यूएसला ५ टक्के सवलत आहे, म्हणजे तुम्हाला ५० पुरतात. पण नेटच्या पात्रतेत ईडब्ल्यूएसला ती सवलत नाही. तिथे खुल्या प्रवर्गासारखेच ५५ लागतात. म्हणजे तुम्ही पीएच.डी.ला पात्र आणि नेटला अपात्र! आपल्याकडची गंमत. तेव्हा जी विद्यापीठं स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, घेतात तीच तुमच्या कामाची.

आणखी एक. नियमावलीत सवलत "देता येईल" असं आहे. तेव्हा त्या विद्यापीठाने ती आपल्या माहितीपत्रकात घेतली आहे की नाही हे आधी पाहा. पैसे भरल्यावर नव्हे. दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, भावासाठी मागे काढलेला असेल तर त्यावर जाऊ नका.

सरळ रेषा:
नेटबद्दल थोडी भर. जून २०२४ च्या परीक्षेपासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी., आणि तिसरा नुसता पीएच.डी. प्रवेशासाठी. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. सहायक प्राध्यापकाची पात्रता मात्र कायमची राहते. या दोन्हींची गल्लत करून माझ्या मित्राने वर्ष घालवलं. "माझी नेट झालीय, कधीही अर्ज करीन" म्हणत बसला.

पेटमध्येही ७०-३० च असतं. पेपर निम्मा संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर. मुलाखतीला बोलावणं येण्यासाठी ५० टक्के लागतात, सवलतवाल्यांना ४५.

जुनीजाणती:
ताई, आधी एम.फिल. (पीएच.डी.च्या अलीकडची संशोधन पदवी) करून टाका. माझ्या बहिणीने तसंच केलं, मग पेट माफ झाली.

सरळ रेषा:
जुनीजाणती, २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंदच केलंय. आता कोणी त्याला प्रवेश देत असेल तर तिथून काढता पाय घ्यावा. आधी मिळालेल्या पदव्या वैध आहेत, बहिणीने काळजी करू नये.

झटपट:
कशाला एवढी उस्तवार? मला व्हॉट्सॲपवर जाहिरात आली होती. १८ महिन्यांत पीएच.डी., पूर्ण ऑनलाइन, प्रबंधाला "साहाय्य" त्यांचंच. लिंक देऊ का?

निवृत्त मास्तर:
नका देऊ. किमान मुदत ३ वर्षं आहे, त्याआधी पदवी देताच येत नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळून तसं बजावलंही होतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएच.डी.चे नियम धाब्यावर बसवले म्हणून ५ वर्षं नवे प्रवेश देण्यास मनाई झाली. तिथे पैसे भरून बसलेल्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. "साहाय्या"बद्दल तर बोलायलाच नको.

रात्रपाळी:
धागा वाचून राहवलं नाही. वर सगळं टक्के, नेट, पेट चाललंय. ते सगळं माझ्याकडे होतं, तरी दीड वर्ष गेलं.

पेटला चांगले मार्क होते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मार्गदर्शकांची यादी, प्रत्येकाच्या नावासमोर रिक्त जागा. माझ्या विषयाच्या सरांपुढे "२". मी झेरॉक्सचं बाड घेऊन, रात्रीची ड्युटी संपवून, थेट बस पकडून गेलो. सर भले माणूस. चहा पाजला, आराखडा वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. मग म्हणाले, "विषय चांगला आहे रे, पण मला निवृत्तीला अडीच वर्षं उरलीत. मला नवीन विद्यार्थी घेता येत नाही." नियम तसाच आहे, ३ वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी नाही. यादीतला आकडा कोणी बदललाच नव्हता. दुसऱ्या मॅडम होत्या त्यांच्या जागा भरलेल्या. तिसऱ्यांचा विषय लांबचा. तोवर आमच्याकडची पेटची मुदत उलटली आणि पुन्हा परीक्षा.

म्हणून सांगतो, आधी गाईड बघा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यावर नाही. कोणाचा विद्यार्थी या वर्षात प्रबंध सादर करतोय ते विचारा, तिथे जागा सुटते. ही माहिती कुठल्याच यादीत नसते, ती संशोधन केंद्रातल्या लिपिकाला आणि आधीच्या विद्यार्थ्यांना असते. मी दुसऱ्या खेपेला परीक्षेचा अर्ज भरायच्या आधी चौघांना भेटलो.

शाईचा डाग:
बापरे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पण अजून परीक्षा दिलेली नाही, प्रवेश नाही, असं असताना थेट जाऊन भेटलेलं चालतं? आगाऊपणा नाही वाटत?

रात्रपाळी:
अजिबात नाही. "मला घ्या" म्हणत जायचं नाही. "सर, असा असा विषय डोक्यात आहे, तुमचा अमुक लेख वाचला, तुमच्याकडे येत्या वर्षात जागा असेल का" एवढंच. आधी मेल, आठ दिवसांनी फोन, मग भेट. लेख खरंच वाचून जा, ते पहिल्या दोन मिनिटांत ओळखतात.

परमुलखी:
सहज म्हणून सांगते. जर्मनीत प्रवेश परीक्षा हा प्रकारच नसतो. मास्टर्स, विषयाचा आराखडा आणि तुम्हाला घेणारा प्राध्यापक. त्या प्राध्यापकाला म्हणतात डॉक्टरफाटर, शब्दशः डॉक्टर-पिता. बाई असेल तर डॉक्टरमुटर! मी सासर शोधतात तसे प्राध्यापक शोधले, ४० मेल गेले, ३ उत्तरं आली. अमेरिकेत उलट, पुष्कळ ठिकाणी पदवीवरच पीएच.डी.ला घेतात, पण शिफारसपत्रं आणि हेतुपत्रावर सगळी भिस्त. म्हणजे फिरून तेच. रात्रपाळी म्हणतात ते सगळीकडे खरं.

बोचरी थंडी:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ३८ व्या वर्षी सुरुवात, पंचेचाळिशीत पदवी. तोवर प्राध्यापक भरतीचं काय झालेलं असेल देव जाणे. पतसंस्थेत पीएच.डी.चा काय उपयोग?

शाईचा डाग:
राग नाही. उपयोग काहीच नाही. ते चार महिने छापखाना का बंद होता ते मला कळायला हवंय.

तळटीप:
आता माझं लक्ष गेलं. मी याच विषयात गेली ४ वर्षं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे, तुम्हाला जे सापडलंय त्याची किंमत तुम्हाला कळलीय का? १९१० च्या प्रेस ॲक्टनुसार सरकार छापखानदाराकडून जामीन मागू शकत असे, किमान ५०० रुपयांचा. तो भरायचा नसेल तर छापखाना गुंडाळायचा. कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. त्यावर सरकारी कागदपत्रांतून लिहिलेलं खूप सापडेल. पण छोट्या गावातल्या छापखानदाराच्या स्वतःच्या वहीतून दिसणारी बाजू क्वचित हाती लागते.

आता आराखडा. तुमच्या मनात शीर्षक काय आहे?

शाईचा डाग:
"महाराष्ट्रातील छापखान्यांचा इतिहास: एक चिकित्सक अभ्यास". 🙈

तळटीप:
वाटलंच! "एक चिकित्सक अभ्यास" हे शेपूट आधी कापा. चिकित्सक नसलेला अभ्यास कोण करतो? शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाऊन पाहा, या शेपटाचे प्रबंध मोजता मोजता संध्याकाळ होईल. आणि "महाराष्ट्रातील छापखाने" हा विषय नाही, तो आयुष्यभराचा उद्योग आहे. १८३२ च्या "दर्पण"पासून सुरुवात करणार आणि कुठे थांबणार? मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येतो: हीच वर्षं का? हाच भाग का? "माझ्याकडे तेवढीच कागदपत्रं आहेत" हे उत्तर खरं असलं तरी पुरत नाही.

तुमच्याकडे तर काळाच्या कडा कायद्यानेच आखून दिल्यात. १९१० ते १९२२. भाग एकच जिल्हा, नाहीतर दोन. प्रश्न असा की, जामिनाच्या धाकाने छोट्या छापखान्यांनी काय छापायचं सोडलं आणि काय छापायला घेतलं? तुमच्या वहीत जामिनाच्या नोंदीआधीची आणि नंतरची कामं शेजारी शेजारी ठेवून पाहा. लग्नपत्रिका वाढल्यात का? नाटकांची पत्रकं कमी झालीत का? हे तुम्ही आज रात्री बसून करू शकता, त्याला प्रवेश लागत नाही.

दुसऱ्या साधनांचाही उल्लेख हवा. नुसत्या घरच्या वहीवर समिती खूश होणार नाही. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यामुळे छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत, त्या पाहा. मुंबईच्या पुराभिलेखागारात त्या काळच्या सरकारी खात्यांचे दप्तर आहेत. मोडी येते का? वह्यांत मोडी असेल तर आत्तापासून शिकायला लागा, आणि येत असेल तर आराखड्यात ठळक लिहा.

आराखड्याची लांबी विद्यापीठ सांगेल तेवढी. पण त्यात आधी कोणी काय केलंय हा भाग खराखुरा असू द्या. पाच प्रबंध वाचून लिहिलेली दोन पानं आणि पन्नास नावं चिकटवलेली दोन पानं यातला फरक लपत नाही.

शाईचा डाग:
तळटीप, काय बोलू. मोडी वाचता येते, आजीने शिकवली होती. आज रात्रीच बसते.

नोकरीचं कोणी सांगेल का?

सरळ रेषा:
अर्धवेळ पीएच.डी. नियमात बसते. कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ते "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीचं चालत नाही. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्क (सुरुवातीचे सक्तीचे वर्ग) पुरं करायला गरज पडल्यास कामातून मोकळीक देऊ, हे तिन्ही त्यात यायला हवं. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. साहेब लोक आपणहून लिहीत नाहीत.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं. तिथे बसावंच लागतं, अर्धवेळ असला तरी. मुदत सगळ्यांना ६ वर्षं, पुनर्नोंदणीने २ वाढतात, बायकांना आणखी २. शिवाय मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती (संशोधन शिष्यवृत्त्या) पूर्णवेळवाल्यांसाठी आहेत, तेव्हा त्या हिशेबात धरू नका.

जुनीजाणती:
आणि शोधनिबंध आधी छापून आणावा लागतो ना?

सरळ रेषा:
प्रवेशाला नाही. प्रबंध सादर करताना तो सक्तीचा होता २०१६ च्या नियमांत, २०२२ मध्ये ती देशपातळीवरची सक्ती गेली. विद्यापीठ आपल्यापुरती ठेवू शकतं. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिकं त्या सक्तीवरच फोफावली, तेव्हा गेली ते बरंच झालं म्हणायचं.

शाईचा डाग:
सात महिन्यांनी धागा वर काढतेय.

पेट झाली, पास झाले. संशोधन पद्धतीच्या भागानेच तारलं. विषयाच्या भागात प्राचीन भारतावर इतके प्रश्न होते की मी घामाघूम. परीक्षेआधी तिघा मार्गदर्शकांना भेटले होते. एकांनी उत्तरच दिलं नाही, एकांकडे जागा नव्हती, तिसऱ्या मॅडम म्हणाल्या, "वही घेऊन या, मग बोलू." त्यांनी अर्धा तास नुसती पानं उलटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ना-हरकतसाठी व्यवस्थापकांनी तीन आठवडे घेतले. मसुदा टाइप करून नेला होता म्हणून तीनच, असं शिपाईमामा म्हणाले.

मुलाखत सांगते. चार जण. माझं बोलून झाल्यावर एक सर म्हणाले, "चार महिने नोंद नाही म्हणजे छापखाना बंद होता हे कशावरून? मुनीम आजारी असेल. दुसरी वही केली असेल, ती हरवली असेल." मी गार. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मग आठवलं ते सांगितलं: पानांवर हाताने घातलेले आकडे आहेत आणि ते सलग आहेत, मधलं पान फाटलेलं नाही. नंतरच्या पहिल्या नोंदीत "जुने टाइप पुसून घेतले, तेल दिले" म्हणून मजुरी लिहिली आहे. पण सर म्हणतात तेही असू शकतं, मला खात्री नाही. सर म्हणाले, "हं." बस. त्या "हं"चा अर्थ लावत पंधरा दिवस झोप नव्हती.

नाव लागलं यादीत. मॅडमच मार्गदर्शक. आता कागदपत्रं तपासणी, मग कोर्सवर्क आणि विषयाच्या मंजुरीचं पुढे बघू.

रात्रपाळी:
अभिनंदन!!! पेढे उधार राहिले.

बोचरी थंडी:
अभिनंदन. "जुने टाइप पुसून घेतले" वाचून शब्द मागे घेतले.

शाईचा डाग:
शेवटची शंका. माझी एम.ए. दुसऱ्या विद्यापीठाची, म्हणून मायग्रेशन (जुन्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला) मागतायत. ते मी २०१० मध्ये काढलं होतं की नाही आठवत नाही. सापडत तर नाही.

निवृत्त मास्तर:
आधी जुन्या विद्यापीठात अर्ज करा, काढलं होतं की नाही ते त्यांच्या नोंदीत निघेल. काढून हरवलं असेल तर प्रतिज्ञापत्र देऊन दुय्यम प्रत मिळते, वेळ मात्र जातो. तोवर नव्या विद्यापीठाला हमीपत्र देऊन मुदत मागा, तोंडी नको, पोचशिक्का घ्या. मधल्या १५ वर्षांचं गॅप प्रमाणपत्रही मागतील, तेही आत्ताच करून ठेवा. आणि मूळ गुणपत्रिकेला लॅमिनेशन केलेलं नाही ना?

शाईचा डाग:
केलंय. 😐

निवृत्त मास्तर:
सगळेच करतात. न्या तशीच.

तळटीप:
गुणपत्रिकेचं जाऊ द्या, वहीचं बघा. तपासणीत कोणी मागितली तरी मूळ वही हातची सोडू नका. झेरॉक्सही नको, यंत्रावर दाबली की शिवण उसवते. पानाशेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. कोरी पानंसुद्धा.